चेंडू हलण्याआधी

१० डिसेंबर २०२३. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर चीफ्स आणि बफेलो बिल्स यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना शेवटच्या दोन मिनिटांत येऊन ठेपला होता. बिल्स २०-१७ असे पुढे होते. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याने चेंडू ट्रॅव्हिस केल्सीकडे फेकला. केल्सीने तो झेलला, थोडा धावला आणि अंगावर माणसं येताहेत हे पाहून आडव्या दिशेने कडेरियस टोनीकडे भिरकावला. टोनी थेट टचडाउनच्या पट्ट्यात जाऊन पोहोचला. वर्षानुवर्षं लोकांनी आठवावी अशी ती चाल होती. पण मैदानात पंचांनी फेकलेला पिवळा रुमाल पडलेला होता. चूक त्या धावण्यात किंवा झेलण्यात नव्हतीच. चाल सुरू होण्याआधी, बावीसही जण आपापल्या जागी थांबलेले असताना, टोनी चेंडूच्या रेषेपुढे उभा होता. ऑफसाइड. टचडाउन रद्द झाला आणि बिल्सनी सामना जिंकला.

माहोम्स इतका चिडला की सहकाऱ्यांना त्याला आवरावं लागलं. प्रशिक्षक अँडी रीड यांचं म्हणणं होतं की खेळाडू असा पुढे उभा असला तर पंच आधी सांगतात, थेट रुमाल फेकत नाहीत. मुख्य पंच कार्ल चेफर्स यांनी सामन्यानंतर उत्तर दिलं. खेळाडूने विचारलं तर आम्ही जागा दाखवतो, चूक उन्नीस-बीस असेल तर सावधही करतो. पण कुठे उभं राहायचं ही जबाबदारी खेळाडूचीच, आणि इथे तो आमच्या आणि चेंडूच्या आड येईल इतका पुढे होता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. पुढे हे सामने भरवणाऱ्या व्यावसायिक लीगने पंचांवरच्या टीकेबद्दल रीड यांना एक लाख आणि माहोम्सला पन्नास हजार डॉलर दंड केला.

मला या भांडणात दोन्ही पक्षांच्या मतभेदापेक्षा त्यांचं एकमत जास्त महत्त्वाचं वाटतं. चूक लहान असली तर पंचाने आधी बोलावं, हे रीडही मानतात आणि चेफर्सही. मात्र नियमाच्या मजकुरात या बोलण्याची अट नाही. तिथे एवढंच आहे की चेंडू सुटताना रेषेपुढे असाल तर पाच यार्डांचा दंड. म्हणजे छापलेला नियम एक आणि मैदानावर चालणारा नियम थोडा वेगळा, हे खेळातल्या सर्वांना ठाऊक आहे आणि मान्यही आहे. मग प्रश्न उरतो तो या मधल्या जागेचा. पंचाला किती सूट असावी, आणि त्याने ती केव्हा वापरावी? माझं उत्तर सरळ आहे. पंचाची समज, त्याची माया, त्याची सूट या सगळ्यांची जागा चेंडू हलण्याआधी आहे. एकदा चेंडू सुटला की आधी जे सांगून ठेवलं, तेच लागू व्हायला हवं. अमेरिकन फुटबॉलमधले गेल्या दहा-बारा वर्षांतले मोठे वाद मी या एका कसोटीवर घासून पाहिले, आणि ती बहुतेक ठिकाणी टिकते असं मला आढळलं.

आपल्याकडे हा खेळ पाहणारे थोडे आहेत, म्हणून आधी ही घडी समजावून सांगतो. प्रत्येक चाल थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते. चेंडू जमिनीवर असतो. त्याच्या लांबीएवढा, म्हणजे साधारण अकरा इंच रुंदीचा एक अदृश्य पट्टा मैदानभर आडवा गेलेला असतो, आणि सेंटर सोडून कुणीही त्या पट्ट्यात असता कामा नये. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. त्याआधी चढाई करणाऱ्या संघाचे निदान सात जण रेषेवर हवेत. जागा बदलून झाल्यावर सगळ्यांनी पुरता एक सेकंद स्थिर राहायला हवं. त्यानंतर एकच खेळाडू हलू शकतो, आणि तोही पुढे नाही. रेषेवर हात टेकून बसलेल्या लाइनमनने दचकायचंसुद्धा नाही. व्यावसायिक लीगमध्ये हे सगळं पाहायला सात पंच असतात, आणि चाल साधारणपणे चाळीस सेकंदांच्या घड्याळात सुरू व्हावी लागते.

इतकी शिस्त कशासाठी, हे इतिहासात पाहिल्यावर कळतं. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी रग्बीतल्या झटापटीऐवजी स्नॅप आणला. चेंडू कुणाचा हे प्रथमच ठरलेलं असू लागलं. पण लगेच पुढच्या वर्षी येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात दोन्ही संघांनी एकेक डाव नुसता चेंडू धरून काढला, गुण शून्य-शून्य राहिले, आणि १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याची अट आली. नंतर हार्वर्डने १८९२ मध्ये पाचरीच्या आकारात धावत येऊन एका माणसावर आदळण्याची युक्ती काढली. अशा घोळक्यांच्या चालींनी तरुण मुलं जायबंदी होऊ लागली, काही मेलीही. ऑक्टोबर १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. १९०६ मध्ये दोन संघांमधला तो पट्टा आला, त्याच वर्षी पुढे फेकण्याची मुभा मिळाली, आणि १९१० मध्ये रेषेवर सात माणसांची सक्ती झाली. टोनी ज्या रेषेपुढे उभा होता, ती रेषा अशी आखली गेलेली आहे. खेळ चालू होण्यापूर्वी कुणाला आगाऊ धाव मिळू नये आणि समोरच्याला आपल्यावर काय येणार आहे ते दिसावं, हे या सगळ्या नियमांचं मूळ.

फसवायला मात्र बंदी नाही, आणि इथे नियम फार सूक्ष्म होतो. क्वार्टरबॅक आवाजात चढ-उतार करून समोरच्याला उडी मारायला लावू शकतो. ग्रीन बेकडून खेळताना ॲरन रॉजर्सने या कलेवर किती फुकटच्या चाली मिळवल्या याची गणती नाही. पण तोच क्वार्टरबॅक स्नॅप झाल्यासारखा खांद्याने झटका देऊ शकत नाही. आवाजाने फसवलेलं चालतं, अंगाने नाही. झटका कुठला आणि नेहमीची हालचाल कुठली, हे पुस्तकात कितीही लिहिलं तरी अखेर कुणाच्या तरी डोळ्यांनीच ठरवायचं असतं.

ते डोळे मी एकदा जवळून पाहिले. न्यू जर्सीत पुतण्याकडे गेलो असताना त्याची मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे सामन्याला गेलो. बसायला जागा नव्हती, म्हणून मी कुंपणापाशी उभा राहिलो. माझ्यासमोर पाच-सात पावलांवर बाजूचा पंच होता. प्रत्येक चालीआधी तो एक पाय चेंडूच्या रेषेत ठेवी आणि तो पाय म्हणजेच कडेच्या पोरांसाठी रेषा. कडेचा मुलगा मान वळवून त्याच्याकडे पाही, बोट दाखवी. पंच मान डोलवी, किंवा तळहात हलकेच मागे करी. मुलगा अर्धं पाऊल मागे सरके. कधी पंच मागच्या दिशेला हात पसरून उभा राही. त्याचा अर्थ, हा मुलगा रेषेवर नाही, मागे आहे. पलीकडचा पंच ते पाहून मोजणी करी. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरके, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आई-बापांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नसे.

माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ पूर्वी शाळांच्या सामन्यांत पंच होते. त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. पहिल्यांदा पोराला सांगायचं, दुसऱ्यांदा त्याच्या कोचला, तिसऱ्यांदा रुमाल. आणि एक भर घातली. पाऊलभर पुढे असेल तर पहिल्यांदाच रुमाल, कारण मग समोरच्या पोरावर अन्याय होतो. रीड जी रीत सांगत होते आणि चेफर्स जी मर्यादा सांगत होते, त्या दोन्ही या कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दोन वाक्यांत होत्या.

ही सवलत पंचांच्या आळसातून आलेली नाही. नियम अक्षरशः लावला तर दर दोन चालींनी रुमाल पडेल आणि सामना मध्यरात्रीपर्यंत संपणार नाही. कडेच्या रिसीव्हरची, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याची, बोटं चाळवली तर त्यातून कुणाला काहीच मिळत नाही. हात टेकलेला लाइनमन तितकाच हलला तर समोरचा माणूस उडी मारतो. म्हणून पहिल्याकडे पंच दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्याला लगेच दंड करतात. नियमाचा हेतू जिथे दुखावतो तिथे ते कडक होतात. मला हे योग्य वाटतं. पण हेतू पाहून वागण्याची मुभा दिली की तिच्यासोबत एक जोखीम येते. आज काय चालतं आणि उद्या काय चालणार नाही, हे खेळाडूला कळणार कसं?

सप्टेंबर २०२३ मध्ये हेच घडलं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात चीफ्सचा टॅकल, म्हणजे टोकाचा लाइनमन, जवान टेलर रेषेपासून बराच मागे उभा राहत होता आणि स्नॅपच्या आधीच हलतो आहे असं दूरदर्शनवर स्पष्ट दिसत होतं. समालोचक ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिले, पण जवळजवळ सगळा सामना रुमाल पडला नाही. डेट्रॉइट लायन्स २१-२० असे जिंकले, त्यामुळे वाद निकालावर गेला नाही. पुढच्या आठवड्यात जॅक्सनव्हिलला त्याच टेलरवर इतक्या वेळा रुमाल पडले की प्रशिक्षकांनी त्याला काही काळ बाहेर बसवलं. नियम दोन्ही दिवशी तोच होता. मधल्या आठवड्यात बदलली ती फक्त लोकांची नजर. टेलर चुकत होता याबद्दल मला शंका नाही. पण पहिल्या दिवशी जे कुणी रोखलं नाही, त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी एकट्या माणसाकडून वसूल झाला. ही सूट नव्हे, आणि शिस्तही नव्हे.

एक वर्षानंतर लीगने हीच गोष्ट नीट केली. टॅकल फार मागे उभे राहतात, यंदा त्यावर लक्ष राहील, असं हंगामापूर्वीच संघांना कळवलं गेलं. ५ सप्टेंबर २०२४ ला पहिल्या सामन्यात बाल्टिमोर रेव्हन्सच्या रॉनी स्टॅन्लीवर चुकीच्या रचनेबद्दल लागोपाठ रुमाल पडले. आपल्याला उदाहरण म्हणून वापरलं, असं तो नंतर म्हणाला. त्याची चिडचिड समजू शकते. पण टेलरच्या आणि त्याच्या तक्रारीत मोठा फरक आहे. हेल्मेट सेंटरच्या कमरेच्या रेषेपर्यंत यायला हवं, हे स्टॅन्लीला आणि त्याच्या संघाला आधी माहीत होतं. सांगून केलेली कडकाई मला मान्य आहे, मग ती हंगामाच्या पहिल्या रात्री का असेना.

आता सर्वांत कठीण प्रकरण. ३० डिसेंबर २०२३, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. डॅलस काउबॉइज २०, डेट्रॉइट लायन्स १९, सामन्याचे २३ सेकंद उरलेले. बरोबरीचा एक गुण घेण्याऐवजी लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्बेल यांनी दोन गुणांची, म्हणजे विजयाची चाल निवडली. क्वार्टरबॅकने चेंडू टेलर डेकरकडे फेकला, त्याने झेलला, लायन्सनी जल्लोष केला. आणि रुमाल.

डेकर लाइनमन होता, क्रमांक ६८. पन्नास ते एकोणऐंशी क्रमांकाच्या खेळाडूला चेंडू झेलता येत नाही. झेलायचा असेल तर त्याने चालीआधी मुख्य पंचाकडे जाऊन तसं सांगायचं, आणि पंचाने ते समोरच्या संघाला आणि सगळ्या स्टेडियमला जाहीर करायचं. त्या वेळी लायन्सचे तीन लाइनमन पंचांच्या दिशेने गेले होते, ५८, ६८ आणि ७०. कॅम्बेल यांनी सामन्यापूर्वीच पंचांना ही चाल समजावून सांगितली होती. डेकरने जाऊन सांगितलं, असं लायन्सचं म्हणणं. मुख्य पंच ब्रॅड ॲलन यांनी जाहीर केलं ते मात्र ७० क्रमांकाचं, डॅन स्किपरचं नाव. सामन्यानंतरही ॲलन यांनी ७० नेच सांगितल्याचं म्हटलं. डेकरचा झेल बेकायदा ठरला.

त्यानंतर जे झालं ते फार कमी लोकांच्या लक्षात आहे. पाच यार्ड मागून लायन्सनी पुन्हा प्रयत्न केला, तो फसला, पण डॅलसचा मायका पार्सन्स स्नॅपआधी रेषेपुढे आला होता, म्हणून आणखी एक संधी मिळाली. तीही वाया गेली. त्याच दोन गुणांसाठी तीन प्रयत्न, आणि त्यातल्या पहिल्या दोहोंचा निकाल चेंडू हलण्याआधीच्या गोष्टींनी ठरवला.

मी हे प्रकरण अनेकदा डोक्यात घोळवलं. सहानुभूती डेकरकडे जाते, कारण त्याने आपलं काम केलं असणार. तरीही झेल रद्द करण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. ही नोंदणी पंचाच्या माहितीसाठी नसते, समोरच्या संघासाठी असते. ६८ वर लक्ष ठेवायचं की ७० वर, हे डॅलसला कळावं म्हणून ती सगळी खटपट. डॅलसने ७० ऐकलं आणि ते त्याप्रमाणे उभे राहिले. जाहीर झालं तेच खरं धरावं लागतं, नाहीतर जाहीर करण्याला काही अर्थ उरत नाही. चूक झाली ती जाहीर करताना. आणि तिच्यात लायन्सचाही वाटा होता. समोरच्यांना गोंधळात पाडायचं म्हणून तीन-तीन माणसं पंचाकडे पाठवली, आणि गोंधळला पंच. फसवायचं ते प्रतिस्पर्ध्याला. ज्याच्या तोंडून तुमची खरी बातमी प्रतिस्पर्ध्याला मिळायची आहे, त्याच्याभोवती धूर करू नये. पंचानेही त्या क्षणी खेळ थांबवून, एक बोट दाखवून, ‘तू सांगितलंस का?’ एवढं विचारायला हवं होतं. नियम त्याला तितका वेळ देतो. ज्या ठिकाणी सूट वापरायची, तिथे ती वापरली गेली नाही.

याच नियमाचा एक जुना प्रसंग आहे, आणि तो वेगळ्या दिशेने जातो. १० जानेवारी २०१५ ला न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी बाल्टिमोरविरुद्ध चारच लाइनमन खेळवले आणि शेन व्हेरीन या चपळ धावपटूला ‘हा झेलणार नाही’ म्हणून नोंदवलं. मुख्य पंच बिल व्हिनोविच यांनी ध्वनिवर्धकावर सांगितलंही की ३४ ला धरू नका. पण ते सांगणं आणि स्नॅप यांत काही सेकंदच होते. बाल्टिमोरला कुणाला पकडायचं ते उमजेपर्यंत चेंडू उडालेला असे. त्यांचे प्रशिक्षक जॉन हार्बो चिडून मैदानात आले आणि त्यांनाच दंड झाला. पेट्रियट्स ३५-३१ असे जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी नंतर म्हणाला की समोरच्यांनी नियमपुस्तक वाचावं. त्या दिवशी तो बरोबरच होता. सांगितलेलं होतं, कायद्यात होतं, म्हणून निकाल योग्य. पण सांगणं पुरेसं नव्हतं, आणि दोन महिन्यांनी मार्च २०१५ मध्ये नियम बदलला. असा खेळाडू आता लाइनच्या आतल्या चौकटीतच उभा राहायला हवा. पळवाट सापडली, जिंकणाऱ्याकडून विजय हिसकावला नाही, आणि पुढच्या हंगामाआधी सर्वांना सांगून ती बुजवली.

विद्यापीठांच्या खेळात तर हे आठवड्याच्या आत झालं. १२ ऑक्टोबर २०२४ ला ओरेगॉनने ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या दहा सेकंदांत मुद्दाम बारावा माणूस मैदानात ठेवला. दंड पाच यार्डांचा, पण चार सेकंद उडून गेले. ओरेगॉन ३२-३१ ने जिंकलं. काही दिवसांतच नियामक मंडळाने अर्थ लावून दिला की अशा वेळी समोरचा संघ घड्याळ मागे घेऊ शकेल. निकालाला हात लावला नाही. मला दोन्ही गोष्टी पटतात.

ब्रिटिश विधिज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात खेळाच्या पंचाचं उदाहरण घेतलं आहे. पंचाचा शब्द अंतिम असतो, म्हणून पंच म्हणेल तोच नियम असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. पंच म्हणेल ते, असा एकच नियम असलेला खेळ हा वेगळाच खेळ झाला. चुकीचा निर्णयही अंतिम असतो, पण तो चुकीचा होता असं आपण म्हणू शकतो, कारण नियम त्याच्याबाहेर उभा आहे. कडेच्या पंचाचा पाय मला या विचाराचं मूर्त रूप वाटतो. तो पाय रेषा बनवत नाही. रेषा चेंडूवरून येते. पाय ती फक्त दाखवतो, आणि तेही वेळेवर.

आपल्या क्रिकेटनेही हे भांडण पंचाहत्तर वर्षं भांडलं आहे. विनू मंकड यांनी १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बिल ब्राउन यांना, चेंडू टाकण्याआधी क्रीजबाहेर निघाल्याबद्दल धावबाद केलं. आधी ताकीद दिली होती. तरीही बोल मंकड यांच्याच नावाला लागला. ताकीद हा शिष्टाचार आहे, फलंदाजाचा हक्क नाही, हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं, जेव्हा एमसीसीने तो नियम अयोग्य खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला. टोनीच्या प्रकरणात ताकीद का दिली नाही असं विचारणाऱ्यांनी मंकड यांची ही गोष्ट आठवावी. ताकीद देऊनही त्यांना कुणी सोडलं नाही.

आणि पंचाचा शहाणपणा कसा दिसतो? २६ जानेवारी २०२५, फिलाडेल्फिया. ईगल्स वॉशिंग्टनच्या रेषेपासून एक यार्डावर. क्वार्टरबॅकला मागून ढकलत पुढे नेण्याची त्यांची ती प्रसिद्ध ढकलाढकलीची चाल येणार हे सगळ्यांना माहीत. वॉशिंग्टनचा फ्रँकी लुव्हू स्नॅपआधीच माणसांवरून उडी मारून पलीकडे गेला. मग पुन्हा. रेषेच्या इतक्या जवळ दंड म्हणजे उरलेल्या अंतराचा निम्मा, मोजून काही इंच. म्हणजे दंडाला वजनच नव्हतं आणि उडी मारत राहणं फायद्याचं होतं. मुख्य पंच शॉन होकुली यांनी खेळ थांबवला आणि जाहीर केलं की हे असंच चालू राहिलं तर आम्ही गुण बहाल करू शकतो. उघड अन्यायकारक कृतीबद्दलचा तो नियम पुस्तकात आहे, पण क्वचितच कुणाला आठवतो. गुण द्यावा लागला नाही. ईगल्सनी पुढे जाऊन टचडाउन केला आणि सामना ५५-२३ ने जिंकला. लिहिलेल्या दंडाने हेतू साधत नाही हे ओळखणं, आणि त्यावरचा उपाय पुढच्या स्नॅपआधी सर्वांसमक्ष सांगणं, पंचाची सूट म्हणजे माझ्या लेखी हेच.

त्याच ढकलाढकलीच्या चालीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये आला. २२ मतं मिळाली, २४ हवी होती. सप्टेंबरमध्ये ईगल्स आणि चीफ्स यांच्या सामन्यात ईगल्सचे लाइनमन स्नॅपआधी सरकत होते आणि रुमाल पडला नाही. मग लीगने पंचांना ही चाल बारकाईने पाहायला सांगितलं. जवान टेलरच्या वेळचीच चूक पुन्हा झाली. आधी दुर्लक्ष, मग बोभाटा, मग कडकाई. चाल वैध ठरवली तर पहिल्या दिवसापासून तिच्यावर नजर हवी होती.

एक युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो, आणि तो मला मान्य नाही. शेवटच्या मिनिटाला पंचांनी सामना ठरवू नये, खेळाडूंना खेळू द्यावं, असं लोक म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये डेट्रॉइटला चाल सुरू करण्याचं घड्याळ शून्यावर गेल्यावर बाल्टिमोरने स्नॅप घेतला, रुमाल पडला नाही, आणि पुढच्याच चालीत जस्टिन टकरने ६६ यार्डांचा, तेव्हा विक्रमी ठरलेला गोल मारून सामना १९-१७ असा जिंकला. चेंडू आडव्या दांड्यावर आपटून पलीकडे पडला होता. पाच यार्ड मागून तो पोहोचला असता का? रुमाल न फेकण्यानेही सामना ठरतो. मागच्या पंचाला घड्याळावरून नजर काढून चेंडूकडे न्यावी लागते, त्यात क्षण जातो, आणि ही ढील सर्वांना माहीत असल्याने मी ती मान्य करतो. त्या दिवशीचा उशीर मात्र क्षणाहून जास्त होता.

म्हणून टोनीवरचा रुमाल योग्य होता. त्याने मान वळवून पंचाकडे पाहिलं असतं तर अर्धं पाऊल मागे सरायला त्याला एक सेकंद लागला असता, आणि ती चाल आज इतिहासात असती. गंमत म्हणून नाही, पण नोंद म्हणून सांगायला हवं की याच चीफ्सनी जानेवारी २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध, मिनिटभरही उरलं नसताना, टॉम ब्रेडीचा चेंडू मधेच पकडला होता. डी फोर्ड त्या अकरा इंचांच्या पट्ट्यात उभा होता म्हणून तो झेल रद्द झाला, आणि अंतिम फेरीचं तिकीट न्यू इंग्लंडने घेतलं.

या लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, भारतीय वेळेनुसार सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. अमेरिकेतल्या भावंडांमुळे, मुलांमुळे आपल्याकडेही आता काही जण त्यासाठी उठतात. माझी त्यांना विनंती आहे. पहिल्या काही चालींत चेंडूकडे पाहू नका. कडेचा रिसीव्हर मान वळवतो का ते पाहा, आणि पंचाचा पाय कुठे आहे ते पाहा.